धुतलेल्या पायांवरचे डाग

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला त्याच आठवड्यात माझ्या पायांवर डाग उठले, आणि मला काय वाटलं सांगू, देवाने माझा क्रूस धाडला. हसू नका. आम्ही भुईगावच्या बायका अशाच. कुणी त्या चाळीस दिवसांत मासळी सोडते, कुणी चहा. मी ठरवलं, हे दुखणं बोलून दाखवायचं नाही, देवाला वाहायचं. गळ्यातली थायरॉइड जास्त चालते म्हणून डॉक्टरांनी वर्षभरापूर्वी गोळी दिली होती. तिने छातीची धडधड थांबली, हातांची थरथर गेली, वाडीतल्या केळींना मी परत पाणी घालू लागले. त्या गोळीवर संशय कसा घ्यायचा?

डाग आधी मसुरीएवढे लाल होते, मग जांभळट झाले, जांभूळ चुरडल्यासारखे. घोटे सुजले. सून विचारायची, आई लंगडता का, मी म्हणायचे वय झालं. एवढ्या उन्हाळ्यात मोजे घालून चर्चमध्ये मिस्सेला जायचे. मधे मधे धीर सुटायचा, खोटं कशाला बोलू. रोजरीचे मणी ओढताना विचारायचे, देवा, हे तुझंच ना? तो गप्प, म्हणजे होकार, असं मीच समजून घ्यायचे.

पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे. त्या वर्षी बारांत माझं नाव आलं. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. म्हणून पायांना पावडर चोपडली आणि जाऊन बसले. बारांतली एक बाई तापामुळे आली नव्हती, तर मागच्या बाकावरच्या एका पाहुणीला आणून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. तुळिंजला राहणारी, भाचीकडे सणाला आलेली, नोकरीतून निवृत्त झालेली नर्स. हे सगळं मला नंतर कळलं. फादरांनी पाणी ओतलं, पावडर वाहून गेली. ते क्षणभर थांबले, टॉवेलने पाय अगदी हलकेच टिपले आणि पुढे सरकले. शेजारणीने मात्र डाग निरखून पाहिले.

मिस्सा संपल्यावर तिने मला बाकावर बसवून डागावर बोट दाबलं. डाग फिका होईना; साधं पुरळ दाबलं की फिकं होतं, ती म्हणाली. कुठली गोळी घेता, लघवीचा रंग बदलला का, एकेक विचारत गेली. कोऱ्या चहासारखी होते, मी म्हटलं. मग क्रुसाचंही सांगून टाकलं. ती हसली नाही.

"क्रूस उचला हो मावशी, पण देवाने दिलेला," ती म्हणाली. "हा गोळीने दिलेला दिसतोय. उद्या उठल्या उठल्या हॉस्पिटल गाठा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढची गोळी घेऊ नका."

गुड फ्रायडेला अख्खं गाव क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला निघालं आणि मी सुनेबरोबर रिक्षात. लग्न होऊन या गावात आल्यापासून माझी ती वाट कधी चुकली नव्हती. मन खात होतं, पण रिक्षा वळवायला सांगितली नाही. ठरवलं होतं, आता लपवायचं नाही. तपासण्यांत कळलं, गोळीमुळे रक्ताच्या बारीक नळ्यांना सूज आली होती आणि मूत्रपिंडाला नुकतीच झळ लागू लागली होती. डॉक्टरांनी ती गोळी बंद केली, सूज उतरवणारी औषधं दिली, थायरॉइडसाठी वेगळा उपाय काढला. आणखी अंगावर काढलं असतं तर कठीण होतं, म्हणाले. सून तिथेच रडली, आणि घरी येईपर्यंत मला बोलत राहिली. बोलू दिलं. तिचा हक्कच होता.

याला चमत्कार म्हणायचं का, ते मी ठरवत नाही. कुणाला ताप आला, कुणी पाहुणी आली, एक खुर्ची भरली, एवढंच झालं. मी मात्र वाहणं म्हणजे लपवणं समजून बसले होते. आता तपकिरी खुणा उरल्यात, पण मोजे घालत नाही. कुणी विचारलं तर बसवून सगळं सांगते, आणि जमलं तर विचारणारीच्याही घोट्यावर बोट दाबून बघते. देवा, तुझे उपकार. माझ्याकडून तू उघडे पाय तेवढे मागितले होतेस.