पंप बोलेना

चहा घ्या आधी, मग सांगतो. फक्त हसायचं झालं तर कप खाली ठेवून हसा. कारण नातीच्या लग्नात मी जी माती खाल्ली, तशी अख्ख्या नांदेड जिल्ह्यात कुणी खाल्ली नसेल!

माझी पांढरी अँबेसडर तुम्ही पाहिलेलीच आहे. जन्मभर जिची ड्रायव्हरकी केली, ती गाडी मालकाने म्हातारपणी माझ्याच हातात दिली. माझं शिकणं जेमतेम, बोलणं त्याहून कमी. माझ्या वाटचं सगळं बोलायचा तो गाडीचा पंप.

डिकीत बसवलेला, बॅटरीवर चालणारा पेट्रोलचा पंप. चावी फिरवली की सुरू! टकटकटकटक! भुकेली कोंबडी पत्र्यावरचे दाणे टिपते ना, अगदी तसा. पेट्रोल पुढे पोचलं की हळू व्हायचा. टक... टक... म्हणजे पोट भरलं. मग सेल्फ मारून इंजिन चालू करायचं. पंप बोलल्याशिवाय सेल्फला हात लावायचा नाही, हा माझा नियम. कुणासाठी मोडला नाही.

पण तो पत्र्यालाच आवळलेला. मागच्या सीटवर बसणाऱ्याला वाटायचं, पाठीमागे कुणी पातेली ठोकून राहिलंय. माझी बायको सुभद्रा त्याच्यावर लई चिडायची. ती मागून काय बोलते, ते मला पुढे ऐकू येत नसे. त्याचं मला फारसं दुःख नव्हतं, हे आपल्यातच राहू द्या.

त्या पंपाचा अजून एक उपकार होता. लेकीला सासरी सोडून येताना मी पार अर्धापूरपर्यंत रडत आलो होतो. पंपाने सगळं झाकलं. मागे बसलेल्या सुभद्राला पत्ता लागला नाही. अशी आपली माझी समजूत!

तर, नात दीपा. लहानपणापासून तिचं एकच, "आप्पा, सासरी जाईन तर तुमच्याच गाडीतून." लग्न नांदेडला, सासर लातूरचं. व्याही बसवणप्पा आडतीचे व्यापारी, मोठ्या मनाचा माणूस. त्यांनी नवीकोरी गाडी फुलांनी मढवून आणलेली. पण दीपा तिच्याकडे बघेना. एवढ्या मोठ्या घरात चाललेली पोर माझ्या जुन्या डब्यात बसायचा हट्ट करते, याला काय म्हणावं? सकाळपासून माझी छाती फुगलेली. मनाशी एकच ठरवलं होतं, लातूरच्या पाहुण्यांपुढे रडायचं नाही.

दुपारी मांडवाबाहेर काढलेल्या माझ्या रबरी चपला गेल्या. लग्नात चपला जातातच. मी अनवाणीच स्टेअरिंगवर बसलो. शेजारी नवरदेव, आमचे जावईबापू, मागे दीपा. तिच्यासोबत पाठराखीण म्हणून सुभद्रा जाणार होती, पण ती आत कुणाची तरी ओटी भरण्यात अडकलेली. चाकाखाली लिंबू ठेवलं. बायका रडू लागल्या, दीपाचा बाप, माझा मुलगा, खांबाला धरून उभा. म्हटलं, सुभद्रा येईस्तोवर पंपाला जागं करू.

चावी फिरवली.

काही नाही.

परत फिरवली. गप्प! नेमकं आज?

बसवणप्पा खिडकीशी वाकले. "काय झालं, पाव्हणं?"

"पंप बोलंना."

"सेल्फ मारून तर बघा!"

"न्हाई. पंप बोलल्याबिगर सेल्फ मारत नसतो मी."

"मग असं करू, सूनबाईला आमच्या गाडीत बसवू. उजेडात पोचायला पाहिजे ना?"

मागून दीपाचं रडणं एकदम थांबलं. "मी न्हाई उतरायची! आप्पा, तुम्ही करा काहीतरी. कितीबी वेळ लागू द्या."

आता सांगा, यावर माणूस काय करील? मी चावी तशीच चालू ठेवून डिकी उघडली. पंप तळाशी, आणि त्याच्यावर रुखवताची ट्रंक, पितळेची भांडी, लाडवांच्या टोपल्या, अर्धापूरहून आणलेला केळीचा अख्खा घड! सगळं रस्त्यावर काढावं लागलं. ट्रंकेला हात कुणी लावला असेल? खुद्द बसवणप्पांनी! फेट्याचा शेमला दातात धरून वराचा बाप हमाली करून राहिला, आणि कपाळाला आठी नाही.

रडणाऱ्या बायका आता सल्ला देऊ लागल्या. "बॅटरी गेली असंल." "पेट्रोल हाय का पण?" "दृष्ट लागली, दुसरं काय!" बँडवाल्याला वाटलं, रुखवत पुन्हा मांडून राहिले. त्याने वाजवायला सुरुवात केली.

मी पाना घेतला आणि पंपाच्या डोक्यात दोन टोले घातले. अडकलेला पंप असा सुटतो कधी कधी. पण हा बोलेना. मी कपाळाला हात लावून रस्त्यावरच बसलो.

तेवढ्यात सुभद्रा पिशवी घेऊन बाहेर आली. रस्त्यावरचा संसार बघून थबकली.

"अहो, हे काय मांडलंय?"

"पंप मेला, सुभद्रा."

"मरंल कशाला? हात लावून बघितलात का?"

हात लावला. पंप पारव्याच्या छातीसारखा धडधडत होता! आवाज तेवढा नाही. वाकून पाहिलं, तर पंपाच्या बुडाखाली निळ्या रबराच्या चकत्या. एकीवर ओळखीचा खोल ठसा.

माझ्या अंगठ्याचा!

"माझ्या चपला!"

"हाव, तुमच्याच," सुभद्रा शांतपणे म्हणाली. "शिलाई मशिनच्या पायाखाली रबर घातलं की ती गप होते. म्हटलं, हा का न्हाई होणार? दुपारी तुम्ही पाव्हण्यांत बसलात तवा घातलं. आधी बंदच पडला मेला. मग तुमच्या खाजा मिस्त्रीला फोन लावला. म्हणला, रबरामुळं अर्थिंग तुटली, येक वायर जोडा. जोडली. लातूरपर्यंत पोरीशी चार शबूद बोलावं म्हटलं. तुम्हाला सांगायचं तेवढं गडबडीत राहिलं."

जे मला जन्मभर सुचलं नाही, ते हिने लग्नाच्या घाईत, नऊवारी नेसून, डिकीत वाकून केलं होतं! एवढी वर्षं तिचं बोलणं ऐकू आलं नाही, त्यात माझंच नुकसान झालं म्हणायचं.

बसवणप्पा पोट धरून हसले आणि ट्रंक पुन्हा आपणच उचलली. मी सेल्फ मारला. एका दमात चालू! लिंबू फुटलं, गाडी निघाली.

लोहा मागे पडलं. गाडीत अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मागचं हळू बोलणंसुद्धा स्पष्ट पुढे येत होतं. दीपा आजीला सांगत होती, "आप्पाला गोळ्या येळेवर देत जा. आन् त्यांना मऊ चपला घे नव्या. पाय दुखतेत त्यांचे."

थोड्या वेळाने जावईबापूंनी कान टवकारले. "आजोबा, गाडी बाजूला घेता का? पंप परत वाजून राहिला वाटतं. हुं हुं हुं असा आवाज येतोय."

मागून सुभद्रा म्हणाली, "चालू द्या, बापू. त्यो पंप न्हाई, ते आमचे हे हायेत. लेकीला सोडून आलो तवाबी अर्धापूरपर्यंत असंच ऐकत आले मी."