आत्याची हाक

हाक कशी मारावी, हे अख्ख्या चिक्कडपल्लीत एकट्या माझ्या आत्याला कळतं. बाकीचे आपण नुसते ओरडतो. तिची उमेदीची वर्षं टेलिफोन खात्यात गेली. ट्रंक कॉल जोडताना लोकांची नावं पुकारायची, आणि पुढं बहुतेक वाईटच बातमी असायची. "नाव ऐकलं की माणसं आधी घाबरायची रे," ती सांगते. निवृत्त झाल्यावर जिन्याखाली सापडलेलं कुत्र्याचं मुठीएवढं पिल्लू तिनं घरात आणलं, शेजारच्या तेलुगू बाईंनी त्याला 'चिन्ना', म्हणजे छोटा, म्हटलं, आणि आत्यानं त्याच दिवशी कायदा केला: या घरात चिन्नाला हाक मारली की पुढं त्याच्यासाठी चांगलंच काहीतरी घडलं पाहिजे.

चिन्ना यथावकाश वासराएवढा झाला. नाव राहिलं, कायदाही राहिला. जेवण, फिरायला जाणं, कानामागं खाजवून घेणं, यांना हाक. आंघोळ, नखं, गोचीड काढणं, यांना हाक नाही. तिथं ती स्वतः उठून त्याच्यापाशी जाऊन बसणार, आधी पंजा नुसता हातात धरणार, नेलकटर त्याला हुंगू देणार, आणि एकेका नखागणिक भाकरीचा तुकडा देणार. दिवसाला एकच पंजा. "धरून दहा मिनिटांत उरकेल की!" असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाली, "तुझी दाढी करू का तसं धरून?" त्यानं चप्पल चावली तर रागवायचं नाही, चपला उचलून ठेवायच्या, असाही नियम होता. त्यामुळे कुत्र्याला काही नाही, पण मामांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, चपला जागेवर ठेवायची सवय लागली. आणि चिन्ना अंगावर उड्या मारायला लागला की पाहुण्यानं पाठ फिरवायची, त्याचे चारही पाय जमिनीवर टेकले की मग लाड करायचे. मामांचे जुने साहेब चहाला आले तेव्हा बिचारे पाच मिनिटं कॅलेंडरकडं तोंड करून उभे होते. माणसांनाही हाच कायदा लागू. "सुधीर!" अशी हाक आली की माझ्या ताटात काहीतरी पडणार. दळण आणायचं असेल तर नुसता डबा समोर येऊन बसायचा.

मागं एकदा गणपतीच्या मिरवणुकीत कुणीतरी फाटकाशीच फटाक्यांची माळ लावली. चिन्ना उघड्या फाटकातून सुटला तो दिसेनासाच झाला. दोन दिवस आत्याच्या घशाखाली घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ओळखीच्या ऑटोवाल्याचा फोन आला. सुलतान बाजारात एका कापड दुकानाच्या पायऱ्यांखाली मोठं कुत्रं घुसून बसलंय, कुणाला जवळ येऊ देत नाही. त्याच्याच ऑटोतून आम्ही पोचलो तर घोळका जमलेला, एकाच्या हातात काठी. आत्यानं त्याला काठी खाली ठेवायला लावली आणि पायऱ्यांकडं पाठ करून सरळ रस्त्यावर फतकल मारली.

"अम्मा, रस्ते पे कायकू बैठ गए? गाडियां आरे!" ऑटोवाला ओरडला.

"आने दो," आत्या म्हणाली. मग एकदाच, रोज जेवायला बोलावते त्याच आवाजात, "चिन्ना."

पायऱ्यांखालून आधी नाक आलं. मग तो लंगडत बाहेर आला आणि तिच्या मांडीत डोकं खुपसून थरथरत राहिला. काठीवाल्यानंच पळत जाऊन पाणी आणलं.

पायात काच घुसली होती. तिथून थेट डॉक्टरांकडं. इंजेक्शन, टाके, चिन्नाचं केविलवाणं रडणं. घरी येताना ऑटोत आत्याच रडायला लागली.

"अगं, सापडला ना आता! कशाला रडायलीस?"

"सापडला रे. पण आज हाक मारून सुई टोचायला नेलं मी त्याला. पहिल्यांदाच."

आठवडाभर तिनं त्याचं नाव घेतलं नाही. लाज वाटायची तिला. शेवटी पट्टी सुटल्यावर एका संध्याकाळी स्वयंपाकघरातून भीत भीत हाक मारली. चिन्ना असा सुसाट आला की टीपॉयवरचा चहा मामांच्या लेंग्यावर. मामांनी आत्याचा चेहरा पाहिला आणि ते दुसरा लेंगा शोधायला गेले.

आता चिन्ना म्हातारा झालाय. कान गेलेत. परवा गेलो तेव्हा खिडकीखाली झोपला होता आणि त्याची जेवणाची वेळ झाली होती. मी त्याला हलवायला वाकलो, तर आत्यानं माझा हात धरला. "दचकतो रे तो." तिचे गुडघे दुखतात, तरी भिंतीला धरून ती खाली बसली, त्याच्या नाकाजवळ फरशीवर तळवा टेकवला, आणि वास पोचायची वाट बघत राहिली. बराच वेळ लागला. मग नाकपुडी हलली, शेपटीचं टोक हललं. डोळे त्यानं नंतर उघडले.