थ्रासोसचे पाणबुडे

थ्रासोस कलांझीस माझ्या टेबलाशेजारी बसून म्हातारा झाला. तो दिग्दर्शक, मी त्याच्या सिनेमांची संकलक. त्याचा जन्म ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटावरचा. बाप समुद्रातून स्पंज काढणारा पाणबुड्या. एकदा खोल पाण्यातून घाईने वर आला आणि पायांनी अधू झाला. बेटावर असे कितीतरी होते.

लष्करी राजवटीत थ्रासोसने पहिला सिनेमा केला तो याच माणसांवर. नट नव्हतेच, खरे पाणबुडे, काठ्या टेकत चढण चढणारे. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने पाहून विचारलं, "देशात धडधाकट माणसं संपली का हो?" लंगडणारा प्रत्येक माणूस सिनेमातून कापायला लावला.

"काप गं फानी," थ्रासोस म्हणाला, "रडतेस काय? तुकडे ठेवू सांभाळून. हे लष्करवाले काय जन्मभर राहणार आहेत?"

उरलं निळं पाणी आणि पांढरी घरं. ते पर्यटकांच्या बोटींवर दाखवू लागले.

मग पोटासाठी त्याने विनोदी सिनेमे काढले. खाष्ट सासू, पळालेली नवरी, मोटारसायकलवरचा पाद्री. लोक पोट धरून हसायचे. हा थिएटरकडे फिरकायचाही नाही.

राजवट पडल्यावर आम्ही फिल्म धुतात तिथे धावलो; तुकडे तिथेच ठेवले होते. ते वितळवून फिल्मवरच्या लेपातली चांदी केव्हाच काढून घेतली होती.

"पुन्हा शूटिंग करू," थ्रासोस म्हणाला. निर्माता मिळेपर्यंत वर्षं गेली. बेटावर उतरलो तेव्हा त्या माणसांपैकी एकटा मिकेस उरला होता, तोही अंथरुणाला खिळलेला.

"मिकेसकाका, ओळखलंत का?"

"ओळखलं की. बोटीवर दाखवतात त्यात आम्ही कुठे होतो रे? बायको माझी शोधून शोधून थकली."

थ्रासोसने सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. "मग आता काय हवंय?"

"थोडं चालून दाखवलंत तर..."

"चालू?" तो खोकत हसला. "आता चार जण उचलून नेतील तेव्हाच ये. तेव्हा काढ काय काढायचं ते."

कॅमेरा पेटीतून निघालाच नाही. परतताना बोटीवर थ्रासोस म्हणाला, "त्या तुकड्यांत बाबाही होता गं. काठी फेकून चालला होता, माझ्यासाठी." इतक्या वर्षांत हे तो कधी बोलला नव्हता.

त्यानंतर त्याने सिनेमा केला नाही. अथेन्सच्या किप्सेली भागात एका खोलीत राहायचा. रविवारी मी घेवड्याचं सूप घेऊन जायचे. शेवटी शेवटी डोळेही गेले.

"काही दिसतं का रे?"

"नाही. बरंच झालं."

एका हिवाळ्यात गेला. बेटावर न्यायला त्याचं कुणी नव्हतं, इथेच पुरला.