तीनशे बत्तीस मीटरची किळस

पालीची मला किळस येत नाही आणि झुरळं मी हातातल्या वर्तमानपत्रानं मारते. पण प्रॅक्टिकलच्या फाईलमध्ये वळणदार अक्षरात 'ध्वनीचा वेग ३३२ मीटर प्रति सेकंद' असं लिहिलेलं दिसलं की मला शिसारी येते. आकडा चुकीचा नाही. शून्य अंशाला, म्हणजे पाणी गोठतं तिथे, हवेतून आवाज जवळपास तेवढ्याच वेगानं जातो. फक्त आमच्या भिलाईत पाणी फ्रिजमध्येच गोठतं.

गेल्या मार्चात नात हुडको कॉलनीतल्या कोचिंगमधून आली आणि तिनं फाईल जेवणाच्या टेबलावर आपटली. ती अकरावीत होती. दुसऱ्या दिवशी शाळेत फाईल तपासून मार्क पडायचे होते.

"आजी, माझं गलत आलं. कोचिंगचे सर म्हणतात, ३३२ आना चाहिए. माझं ३५१ येऊन राहिलं."

"प्रयोग कोणी केला?"

"मीच. दोनदा. बाकी सगळ्यांनी जुनी फाईल उतरवली. मीच एक बावळट."

मी फाईल उघडली. प्रयोग माझ्या चांगल्या ओळखीचा. उभी नळी, तिच्यात पाणी. ट्यूनिंग फोर्क ठोकून नळीच्या तोंडाशी धरायचा आणि पाणी हळूहळू खाली सोडायचं. एका जागी तो बारीक आवाज एकाएकी भरून येतो. तिथे नळीतल्या हवेची लांबी लहरीच्या पाव हिश्श्याशी जुळलेली असते. आणखी खाली गेलं, की पाऊण हिश्श्याला तो पुन्हा भरून येतो. दोन जागांमधलं अंतर म्हणजे अर्धी लहर. ते दुप्पट करा, फोर्क सेकंदाला जितके कंप देतो त्यानं गुणा, झाला वेग. नातीचा फोर्क ५१२ चा, अंतर ३४.३ सेंटिमीटर. मी गुणून बघितलं. ३५१.२. कुठेही चूक नाही.

शेजारी कोचिंगच्या सरांनी पेन्सिलीनं लिहून दिलं होतं: ३२.४. म्हणजे उत्तर आधी ठरलेलं, रीडिंग त्याच्या मापानं शिवायचं. नातीनं एका रकान्यात खोडून तसं लिहिलंही होतं, तेही शाईनं.

"दुसरा रकाना पण खोडू ना?" ती म्हणाली. "अशी कावून पाहून राहिली?"

पाहत होते, कारण ही घाण मला नवीन नव्हती. मी ती नोकरी म्हणून केली आहे.

इथल्याच एका मुलींच्या शाळेत मी फिजिक्स शिकवायचे. तिशीही झाली नव्हती. खळ घातलेली सुती साडी, कमरेला लॅबच्या चाव्यांचा जुडगा, आणि चेहरा असा की निसर्गाचे नियम मला विचारूनच चालतात. लॅबमधल्या नळीचं पाणी मात्र वर्षानुवर्षं बदललेलं नसायचं. हिरवं, बुळबुळीत, त्यात डासांच्या अळ्या वळवळायच्या. बदलायचं कशाला? प्रयोग कोणी करतच नव्हतं. लोणच्याचं तेल लागलेली एक जुनी फाईल घरोघरी फिरायची आणि तीस मुलींचं अंतर दशांशापर्यंत सारखं यायचं. मी तिसांवर सही करायचे. त्याच आठवड्यात फळ्यावर शिकवायचे, की हवा एका अंशानं तापली की ध्वनीचा वेग सुमारे ०.६ मीटरनं वाढतो. त्यावर पाच मार्कांचं गणितसुद्धा घालायचे. फळ्यापासून नळी चार पावलांवर होती. ती चार पावलं बाईसाहेबांना कधी चालता आली नाहीत.

एका एप्रिलात उतई गावाहून सायकलनं येणाऱ्या एका मुलीनं ती नळी घासून धुतली, अळ्या नालीत ओतल्या आणि खरंच प्रयोग केला. फाईलमध्ये लिहिलं, ३५५.

मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "तुम्हारे उतई की हवा अलग है क्या?"

मुली हसल्या. माझा विनोद मलाच फार आवडला.

ती म्हणाली, "मैडम, हवा गरम है."

मी लाल रेघ मारली, तीन मार्क कापले आणि खाली तिच्याच हातानं ३३२ लिहून घेतलं. तिचं खरं मानलं असतं, तर उरलेल्या सगळ्या फाईली खोट्या ठरत होत्या आणि त्यांवर सही माझी होती. भिंतीवर थर्मामीटर होता. तो चाळीस दाखवत होता. मी त्याच्याकडे पाठ करून उभी होते.

हे सगळं मी नातीला सांगितलं. तिनं नाक मुरडलं.

"ई. तू असं केलं?"

"केलं."

"मग तिले सॉरी म्हटलं?"

"नाही. ती पास होऊन गेली, मी रिटायर होऊन घरी आली."

"मले ऐकूनच घाण वाटून राहिली."

"मले तर करून वाटते. तुह्या लॅबमध्ये किती तापमान होतं?"

"बत्तीस. लिहिलं ना वर."

"मग बत्तीसला ०.६ नं गुण. आलेलं ३५१.२ मधून वजा कर."

तिनं केलं. १९.२ गेले, राहिले ३३२.

"सेमच आलं, आजी."

मी वर्तमानपत्राच्या कडेला त्या उतईच्या मुलीची वजाबाकी केली. जन्मात पहिल्यांदा. ३५५ मधून चाळीस अंशांचे चोवीस. ३३१. एका ओळीचं काम होतं आणि तेवढ्यासाठी मी एम.एस्सी. झाले होते.

"पर शाळेच्या सरांनी काटलं तर?" नात म्हणाली. "मी एकेका मार्कासाठी मरून राहिली."

"काटू शकतात."

मग खोडलेला रकाना पुन्हा खोडून तिनं ३४.३ लिहिलं आणि खाली वजाबाकीची ओळ घातली. पान बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आली ती दप्तर सोफ्यावर फेकूनच.

"गेला एक मार्क. खाडाखोडीचा."

"आणि आकडा?"

"शाळेच्या सरांनी वजाबाकी पाहिली. आकडा तसाच ठेवला."

"बाकीच्यांचं?"

"फुल मार्क. सगळ्यांले. ज्यांनी फोर्क हातातही नाही घेतला त्यांले पण. तुझ्यामुळे झालं हे, आजी."

"हो, माझ्यामुळेच."

ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी समजावायला गेले नाही. एका मार्कासाठी चिडली होती, चिडू दिलं. उतईच्या मुलीचे तीन गेले होते आणि तिला मी चिडायलाही जागा ठेवली नव्हती. ती मान खाली घालून ३३२ लिहीत होती, आणि मी तिचं अक्षर सुंदर आहे म्हणून कौतुक केलं होतं.