टाकीतलं चार फूट पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

बाबांचं लहानपण लासूर स्टेशनजवळच्या खेड्यातलं. आमची वस्ती गावाबाहेर. विहिरीला हात लावायचा नाही. घागर ठेवून लांब बसायचं, कुणी ओतलं तर ओतलं. एकदा बाबा सहा तास बसले होते — हा आकडा त्यांनीच सांगितला, एकदाच. मी शहरात फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी बजावलं, "आपलं कुणाला सांगायचं नाय." आमचं आडनाव असं, की समोरच्यानं हवं ते समजावं. सोसायटीतल्यांनी मला आपल्यातला समजलं. मी दुरुस्त केलं नाही — भीती म्हणून, की सोय म्हणून?

दुष्काळाचं दुसरं वर्ष. टँकर दर चौथ्या दिवशी. हिशेबाला पक्का, म्हणून जमिनीखालच्या टाकीची किल्ली माझ्याकडे. रोज काठी बुडवायची, ओली खूण बघायची; एका फुटाला अडीच हजार लिटर. नऊ वर्षांची माझी लेक रेवा आकडा वाचायची.

एका सकाळी मागच्या झोपड्यांमधली एक बाई फाटकाशी आली. "दादा, लेकरं तहानलीत. दोनच हंडे द्या."

शेजारचे काका तिच्यादेखत म्हणाले, "ह्या लोकांचे हंडे आपल्या टाकीला? तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्ही तर आपल्यातलेच."

दोन हंडे म्हणजे तीस लिटर. काठीवर ज्वारीच्या दाण्याएवढा फरक. काठी रेवाच्या हातात होती — चार फुटांपर्यंत ओली.

मी म्हणालो, "एक फूटच आहे, ताई."

रेवानं खूण पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. आमची जात तिला ठाऊक नव्हती. पण घाबरायचं कुणाला आणि नाही म्हणायचं कुणाला, हे तिला तेवढ्यात कळलं असेल का?

पण मला ही लबाडी सांगायची नाहीये — ती तर सगळेच करतात, असं मी स्वतःला सांगत आलो. सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं.

बाई पुन्हा आली. मी तोंड उघडायच्या आत रेवा पुढं झाली. "एक फूटच आहे." स्वच्छ, ठाम आवाज. त्या दिवशी काठी बुडवलीही नव्हती. बाईनं रिकामे हंडे उचलले.

फाटकाजवळच्या बाकावर बसलेले बाबा हळूच म्हणाले, "शिकली पोरगी. आता हिची काळजी नाय."

मला लाज वाटायला हवी होती. मला हायसं वाटलं.