सूर कोणाकडून घ्यायचा

आमच्या गायन पार्टीत पेटी नव्हती. ढोलकी होती, दोन कोरसवाले होते, गायक होता आणि माझा बेंजो होता. बेंजो म्हणजे टाइपरायटरची बटणं बसवलेलं, तारांचं लांबट वाद्य. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. पेटी नसल्यामुळे सूर द्यायचं काम माझ्याकडे होतं. गाण्याआधी भाऊ, म्हणजे आमचा गायक, डोळे मिटून डावा हात माझ्याकडे करायचा. मी काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा, सा छेडायचो, तो कानात भरून घ्यायचा आणि मगच तोंड उघडायचा. शाळेत मी चौथीच्या वर्गाला पाढे शिकवायचो, तिथे माझ्याकडे कोणी मान वर करून बघत नसे. पण आदिलाबादपासून किनवटपर्यंत, भीमजयंती असो की कोणाच्या मरणानंतरचा जलदान विधी, माझ्या तारेशिवाय भाऊचा आवाज निघत नाही हे बौद्धवाड्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. याचा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नव्हतो.

मग कीबोर्डवाला आला.

तो मंडल ऑफिसात, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीत, टायपिस्ट होता. निर्मलच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवून आला होता, तेलुगू फाडफाड बोलायचा आणि कोणी काही विचारलं की आधी हसायचा. त्याच्या खोक्यातून बासरी निघायची, सनई निघायची, बटण दाबलं की आपोआप ठेकाही निघायचा. तालमी माझ्याच घरी, आदिलाबादजवळ मावल्याला, रविवारी होत. पहिल्या रविवारी त्याने खोकं मांडलं तेव्हा ढोलकीवाल्यापासून माझ्या बायकोपर्यंत सगळे त्याच्याभोवती. मी म्हटलं, "ऑफिसातले अर्ज झाले काय सारे टाइप करून?" तो म्हणाला, "सर, तुमची बी टायपिंगच आहे ना, फक्त तारेवर." सगळे हसले. मलाही हसावं लागलं, पण अंगाचा तिळपापड झाला होता.

दुसऱ्या-तिसऱ्या कार्यक्रमात ते घडलं. भाऊने डोळे मिटले आणि हात उजवीकडे केला. उजवीकडे कीबोर्ड होता. माझी नखी तारेवर तशीच राहिली.

खरं सांगतो, बायको माहेरून महिनाभर आली नसती तरी मला इतकं लागलं नसतं. त्यातही त्याने दिलेला सूर काळी चार नव्हताच. काळी दोन होता, बराच खालचा. मला वाटलं, हा याचा डाव. कीबोर्डवर एक बटण दाबलं की अख्खं वाद्य खाली येतं. बेंजोचं तसं नसतं. बोटं दुसऱ्या घरांत नेता येतात, पण खालच्या झंकाराच्या तारा जुन्याच सुरात वाजत राहतात आणि सगळं बेसूर होतं. सगळ्या तारा उतरवल्या तर त्या ढिल्या पडतात, आवाज ओल्या चामड्यासारखा बद्द येतो. म्हणजे मला वाजवता येऊ नये म्हणूनच याने सूर खाली घेतला, असं मी ठरवून टाकलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

तारा उतरवल्या, काय करणार. पार्टी सोडायची तर मग रविवारी करायचं काय? बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "सवत आल्यावानी तोंड करून काऊन बसले तुमी? दोघं मिळून वाजवा ना." मी ताटावरून उठलो नाही, एवढंच.

मी भाऊलाही विचारलं नाही. भाऊ जिनिंगमध्ये तोलाईला होता, दिवसभर कापसाच्या धुळीत. संध्याकाळी यायचा तो केसांत, भुवयांत पांढरं घेऊन. विचारावंसं वाटायचं, की भाऊ, इतकी वर्षं माझ्या सुरावर गायलास, आता काय झालं? पण विचारायला गेलं की आपणच लहान होतो. शिवाय उत्तर मला माहीत होतं असं वाटत होतं. नवी विटी, नवं राज्य.

गुडीहत्नूरकडच्या एका खेड्यात एका म्हातारीचा जलदान विधी होता. तिने जन्मभर दुसऱ्याच्या कापसात निंदण केलं होतं. पोरगा मात्र शिकून मास्तर झालेला. आमच्यात अशी रीत होती की अशा कार्यक्रमाला पार्टीने सकाळीच जायचं, घरच्यांजवळ बसायचं, माणूस कसा होता ते विचारायचं आणि दुपारच्या गाण्यात त्याच्यावर एक कडवं बांधायचं. भाऊने मास्तराजवळ आणि दोन्ही लेकींजवळ बसून कडवं बांधलं:

निंदता निंदता रान, माय वाकली वाकली
लेकाच्या हाती पाटी देऊन, मग ती थकली.

वंदना झाली, भन्तेजींचं बोलणं झालं, आणि आमची पाळी आली तोच लाइट गेली. माइक बंद. कीबोर्ड बंद. त्यात सेल घालून वाजवता आलं असतं, पण टायपिस्टाने सेल आणले नव्हते. माणसं सतरंजीवर शांत बसून राहिली. भाऊने इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि माझ्याकडे हात केला.

काय वाटलं ते सांगतो. मयताच्या घरी बसलो होतो, आणि मला आनंद झाला. मी मांडीवर बेंजो घेतला आणि एकेक तार चढवू लागलो. परत काळी चारवर. आपल्या मूळ सुरावर. टायपिस्ट माझ्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "सर, थोडा खालीच राहू द्या." म्हटलं, आता हा मला सूर शिकवणार? मी शेवटची खुंटी जरा जास्तच जोरात फिरवली आणि सा दिला.

भाऊने तो घेतला. धृपद कसंबसं निघालं. कडव्याला वर जायचं होतं, 'लेकाच्या हाती' वर. माइक नव्हता, मांडवाच्या टोकापर्यंत आवाज न्यायचा होता. भाऊ वर गेला आणि तिथेच आवाज फाटला. परत गेला, परत फाटला. मग त्याने मान खाली घातली आणि उरलेली ओळ नुसती बोलून टाकली.

बायकांना वाटलं, गायकाला रडू कोसळलं. त्याही रडू लागल्या. मास्तर उठून आला आणि त्याने भाऊचे दोन्ही हात धरले. असं गाणं आपण कधी ऐकलं नाही, असं त्या दिवशी तिथे पुष्कळ जण म्हणाले. मी मात्र भाऊच्या मानेवरच्या फुगलेल्या शिरा बघत होतो. ते रडणं नव्हतं. तो आवाज आता काळी चारवर जातच नव्हता.

जेवणं झाल्यावर आम्ही हायवेवर बसची वाट बघत उभे राहिलो. टायपिस्ट खोकं घेऊन पलीकडे पानाच्या टपरीवर गेला होता. मी भाऊजवळ गेलो.

"आवाज कधीपासून असा झाला?"

"दोन हंगाम झाले," भाऊ म्हणाला. "रुईची धूळ बसली घशात. डाक्टर म्हंते जिनिंग सोड. सोडून खाऊ काय?"

दोन हंगाम म्हणजे कीबोर्ड येण्याच्याही आधीपासून. त्या सगळ्या दिवसांत सूर मीच देत होतो.

"मले काऊन नाई सांगितलं मग?" मी म्हणालो. "कालच्या माणसाले सांगितलं, अन् मले नाई?"

भाऊने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं.

"मी त्याले बी नाई सांगितलं, बाप्पा," तो म्हणाला. "पहिल्या रविवारी तुह्या घरी गायलो ना, एकच गाणं, तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं. काही बोलला नाई. गुपचूप खाली घेतलं त्यानं."

बस आली. टायपिस्ट पळत येऊन आधी चढला, आणि भाऊसाठी आणि माझ्यासाठी जागा धरून बसला. मी मागे जाऊन दांडा धरून उभा राहिलो. तोवर मी त्याच्या खोक्यावर जळत होतो. त्या दिवसापासून त्याच्या कानांवर जळतो, आणि तसले कान बाजारात मिळत नाहीत.