पावणेतीनशे की पावणेचारशे?

मनमाडला गाडी बदलून निजाम सरकारच्या छोट्या रुळांवर आलो तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, एक फराळाचा डबा आणि कापडात गुंडाळलेल्या दोन रायफली होत्या. त्यांचे परवाने कोटाच्या आतल्या खिशात होते आणि ते जागेवर आहेत ना, हे चाचपण्यातच माझा अर्धा प्रवास गेला.

निमित्त होते आनंदरावाच्या पत्राचे. आनंदराव माझा कॉलेजातला सोबती, अंबड तालुक्यात अंतरवालीच्या शिवारात त्याची जमीन. त्याने लिहिले होते, "ज्वारी हुरड्यात आली की काळविटांचे कळप उतरतात आणि पट्ट्याच्या पट्ट्या साफ करतात. घरची ठासणीची बंदूक बांधापलीकडे पोचत नाही. रायफलीचा परवाना मिळतोय, पण अर्जात बोअर एकच लिहायचा आहे. तू या विषयातला मोठा शहाणा. येऊन ठरवून दे."

बोअर म्हणजे नळीची रुंदी. इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले किती, तो आकडा. माझ्याजवळच्या एका रायफलीचा आकडा दोनशे पंचाहत्तर, दुसरीचा तीनशे पंचाहत्तर. घरात आम्ही त्यांना पावणेतीनशे आणि पावणेचारशे म्हणत असू. पावणेतीनशेची गोळी हलकी पण भारी वेगाची. पावणेचारशेची जड, संथ, आणि लागली की जनावर जागेवर बसवणारी. खरे सांगायचे तर निकाल मी पुण्यातच लावून टाकला होता. पावणेचारशे माझी लाडकी होती. दुसरी नुसती तुलनेला घेतली होती, वधूपरीक्षेला धाकटी बहीण बरोबर न्यावी तशी.

करोडगिरीच्या (जकातीच्या) कारकुनाने दोन्ही काडतुसे तळहातावर घेऊन पाहिली. धाकटे काडतूस उचलून तो म्हणाला, "ये काहे को लाए हजरत? चिड़ियाँ मारने कू?"

मी मनापासून हसलो. सरकारी माणसाचे नि माझे मत इतके जुळल्याचा तो पहिलाच प्रसंग.

'जालना सोने का पालना' असे तिकडे म्हणतात. मला स्टेशनबाहेर दिसला तो कापूस. गाड्यांवर कापूस, रस्त्यावर कापूस, बैलांच्या शिंगांत कापूस. तिथून अंबडला जाणाऱ्या मोटारीची ट्यूब वाटेत फुटली. ड्रायव्हरने शांतपणे शेजारच्या शेतातून कडबा मागून आणला, टायरमध्ये कोंबला आणि "बिलकुल फिकीर करू नका" म्हणून पुन्हा चाकावर बसला. माझ्या मणक्यांनी फिकीर केली. अंबडला आनंदराव दमणी (छपराची हलकी बैलगाडी) घेऊन उभा होता. बऱ्याच वर्षांनी भेटलो, पण त्याने आधी बंदुका उतरवून घेतल्या आणि मग मला मिठी मारली.

वहिनींनी ज्वारीची भाकरी, तुरीचे घट्ट वरण, जवसाची चटणी आणि वर करडईच्या तेलाची धार असे वाढले. दुसऱ्या दिवशी शेतात हुरडा झाला. शेणीच्या आरावर कणसे भाजून, हातावर चोळून, गरम दाणे फुंकून खायचे. मी किती खाल्ला ते विचारू नका.

तिथेच भिवाजीबाबांशी ओळख झाली. धनगराचे घर, वय सत्तरीकडे झुकलेले, खांद्यावर घोंगडी आणि काखेत पाण्याचा तुंबा (वाळवलेल्या भोपळ्याचे भांडे). आनंदरावाच्या वडिलांपासून शिकारीला माग काढायचे काम त्यांचेच. अंतर ते वारात सांगत नसत, नाड्यात सांगत. नाडा म्हणजे मोटेचा जाड दोर.

"बाबांचा अंदाज आजवर चुकला नाही," आनंदराव म्हणाला. मी लगेच शहाणपणा केला. त्याच्या विहिरीवर जाऊन नाडा मोजला. बरोबर बारा वार भरला. आता बाबांनी नाडे सांगावेत, मी बाराने गुणावे. एवढी नामी युक्ती सुचल्याबद्दल मी स्वतःचीच पाठ थोपटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी करडईच्या बांधाआड आम्ही तिघे पालथे पडलो. माझ्या हातात पावणेचारशे, आनंदरावाजवळ पावणेतीनशे. समोर सपाट काळे रान. ना झाड, ना झुडूप, नजरेला टेकायला काही नाही. कळपाच्या पुढे एक काळाभोर नर मान वर करून उभा होता. इतका देखणा की क्षणभर बोटच चालेना.

"किती, बाबा?"

"बारा नाडे. बराबर बारा. जल्दी करू नका."

बारा बारे एकशे चव्वेचाळीस. नळीवरची दीडशे वारांच्या अंतराची पट्टी उचलली, खांद्याचा नेम धरला, चाप ओढला. कळप उधळला. नर कोसळला, उठला आणि पुढचा एक पाय लोंबकळत पळून गेला. गोळी दीड वीत खाली लागली होती.

मला काहीच कळेना. घसा कोरडा पडला म्हणून मी तुंब्याकडे हात केला. भिवाजीबाबांनी तो काखेत ओढून घेतला.

"न्हाई, पाव्हणं. जखमी जनावर रानात तरसून राह्यलं, अन् आपन घटाघटा प्यायचं? ते जमायचं न्हाई. आधी ते घावू द्या."

आनंदराव हळूच म्हणाला, "त्यांच्या घरचा नेम आहे. आणि जनावर सापडलं नाही, तर ते पुन्हा कुणाच्या बंदुकीमागे येणार नाहीत. त्यांचे वडील असेच घरी बसले ते शेवटपर्यंत."

मग चालणे सुरू झाले. रक्ताचा थेंब ढेकळावर, मग बराच वेळ काही नाही, मग ज्वारीचे मोडलेले ताट. बाबा वाकून बघत, बोटाने माती चाचपत, पुढे सरकत. थंडीचे दिवस होते तरी दुपार चढली तसे ऊन लागू लागले. काळ्या रानाच्या भेगांत माझे बूट अडकत होते. दोनदा मी पडलो, आणि दोन्ही वेळा या म्हाताऱ्यानेच मला उठवले. दुपार टळली तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी हात जोडले.

"बाबा, घोटभर घ्या. गोळी माझी होती. नेम मी पाळतो."

"गोळी तुमची, पर अंतर माझं व्हतं," ते म्हणाले. "बारा नाडे म्हनलो न्हाई का?"

"बाराच म्हणालात. नाडा मी विहिरीवर जाऊन मोजून आलो होतो, बारा वारांचा एक."

बाबा थांबले.

"ह्या हिरीवर मोजला? ही तर नदीकडची उथळ हीर. म्या पोरपनी तीर्थपुरीच्या पल्याड माळावर मोट हाकत व्हतो. तिथली हीर खोल, नाडा वीस वारांचा. माझ्या डोळ्यात तोच बसलाय."

म्हणजे नर अडीचशेला दहा कमी इतक्या वारांवर होता. आणि हे चाळीस वर्षांत कुणाच्या ध्यानात आले नव्हते, कारण ठासणीच्या बंदुकीला दोन नाड्यांपलीकडे काम नसे. तेवढ्यात कुठल्याही विहिरीचा नाडा चालतो. मला हसूही आले आणि मेल्याहून मेल्यासारखेही झाले.

दिवस कलता एका नाल्याच्या काठावर नर उठून उभा राहिला. दूर होता. लंगडत नाल्यापलीकडे गेला की संपले. पाहिले तर पावणेचारशेच्या नळीच्या टोकावरची नेमाची माशी, मी पडलो तेव्हा धक्का बसून, वाकलेली. आनंदरावाने मुकाट्याने पावणेतीनशे माझ्या हातात दिली.

"किती, बाबा?"

"आता मी सांगत न्हाई," बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मला वाटले, दीडशे. बसलो, श्वास सोडला, खांदा धरला. ती 'चिड़ियाँ मारायची' गोळी सुटली आणि नर जागेवर खाली बसला.

आम्ही पोचलो तेव्हा त्याची धुगधुगी उरली होती. भिवाजीबाबा गुडघ्यांवर बसले, तुंब्याचे बूच काढले आणि पहिली धार त्याच्या तोंडात सोडली. "घे बाबा," एवढेच म्हणाले. त्याने मान टाकल्यावर तुंबा माझ्या हाती दिला. स्वतः सर्वांच्या शेवटी प्याले. मी तिथेच, दोघांसमोर, रडलो. त्याची लाज मला आजही वाटत नाही.

दुसऱ्या सकाळी मी वाराच्या टेपाने ते अंतर मोजले. दीडशे नव्हे, दोनशे वीस. माझा अंदाज बाबांच्याहून काही शहाणा नव्हता. पण हलकी गोळी सरळ जाते, ती अर्धी वीत काय ती खाली आली आणि छातीतच राहिली. पावणेचारशेने माझी चूक जनावराच्या पायावर काढली होती. पावणेतीनशेने ती पोटात घातली. आनंदरावाच्या अर्जातल्या रिकाम्या जागेत मी माझ्या हाताने लिहिले, दोनशे पंचाहत्तर.

निघताना दमणीपाशी बाबा आले. हातात अंबाडीच्या सुतळीचे भेंडोळे.

"काल सांजच्याला हिरीवर जाऊन आल्तो. हा हितला नाडा, बराबर. आता ह्योच डोळ्यात बसवून राह्यलो."

"म्हणजे पुन्हा बंदुकीमागे येणार ना, बाबा?"

"येतो की. पर पुढल्या बारीला तुमी इचारा, कोनच्या हिरीचा."

सुतळी पुण्यात माझ्या खोलीत पावणेचारशेच्या शेजारी टांगली आहे. बारा वार, मोजून पाहिली. अजूनही शिकारीचे हौशी लोक येतात आणि विचारतात, काळविटाला कोणता बोअर घ्यावा? मी म्हणतो, ते सांगतो, पण आधी मला सांगा, तुमच्या माणसाच्या गावची विहीर किती खोल आहे? ते एकमेकांकडे बघतात. मी आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणतो.